साडेचार मिनिटांचा प्रश्न

विनिफ्रेड स्टॅडलरने तो प्रश्न लिहायला अकरा दिवस घेतले. पाण्यातल्या शिशावर डॉक्टरेट केलेली बाई. एक शब्द इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे. वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे खासदार जे प्रश्न विचारतात, ते समितीच्या नोकरीतली तिच्यासारखी माणसं लिहून देतात, आणि खासदार ते आत्ताच सुचल्यासारखे वाचतात. प्रत्येकाला पाच मिनिटं. त्यात प्रश्नही आला आणि उत्तरही.

विचारायचं मुळात एवढंच होतं: टॅलो क्रीक गावच्या नळांना शिसं येतंय, हे पाणी प्राधिकरणाचे प्रमुख ग्रँथम यांना कधी कळलं? ते म्हणत होते ऑक्टोबरमध्ये. मार्चमध्येच कळलं असेल, तर सात महिने गावाला ते पाणी जाणूनबुजून पाजलं गेलं होतं. शपथेवर 'मार्च' एवढा एक शब्द निघाला की गावाचा दावा कोर्टात उभा राहणार होता.

पण 'कळलं' म्हणजे नेमकं काय, अशी पळवाट ग्रँथम काढतील, म्हणून तिने व्याख्या घातली. मग कोणता नळ, कोणती चाचणी, किती अचूक, तेही घातलं. सगळ्या फटी बुजवल्या. उत्तराला आत यायलाही फट उरली नाही, हे तेवढं तिच्या ध्यानात आलं नाही.

खासदार ब्रूस्टर यांनी आधी सगळ्यांचे आभार मानले, आजोबांच्या विहिरीची आठवण सांगितली, मग वाचायला घेतलं. तिसऱ्या व्याख्येला वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला, पूर्णविरामाला वेळ संपल्याचा लाल. ग्रँथम म्हणाले, उत्तर लेखी पाठवतो. ब्रूस्टरनी त्यांचेही आभार मानले. प्रश्नात कुणालाही चूक काढता आली नव्हती, याचा विनिफ्रेडला, खरं सांगायचं तर, अभिमानच वाटला.

मागच्या बाकावर ओडेसा किंब्रो बसली होती. टॅलो क्रीकच्या शाळेतली स्वयंपाकीण, नऊ तास बसने आलेली. जेवणाच्या सुट्टीत तिने ग्रँथमना कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. शेजारीच विनिफ्रेड तोंडात सँडविचचा घास घेऊन उभी होती.

"तुम्हाला मार्चमध्येच माहीत होतं ना?" ओडेसाने विचारलं.

ग्रँथम साखर ढवळत होते. समोर कॅमेरा नव्हता, शपथ नव्हती, घड्याळ नव्हतं. "हो बाई, मार्चमध्येच कळलं होतं. फार वाईट वाटलं, बघा," असं म्हणून ते कप घेऊन गेले.

विनिफ्रेडने सवयीने मनात वेळ मोजली. अकरा सेकंद, साखरेसकट.

"ऐकलंस ना गं?" ओडेसाने विचारलं.

विनिफ्रेडने घास गिळला. "मला जे ऐकू आलं त्यावरून, प्रथमदर्शनी असं म्हणता येईल, की..."

"मी रोज चारशे पोरांना वाढते," ओडेसा म्हणाली. "मॅकरोनी की बटाटा, एवढंच विचारते. तुझ्यासारखी उत्तरं देत बसली असती, तर उपाशी मेली असती पोरं."

ऑफिसात आपल्याला पाठीमागे 'तळटीप' म्हणतात, हे विनिफ्रेडला ठाऊक होतं. आज पहिल्यांदाच ते तिला पटलं.

ऐकलेलं शपथपत्रावर लिहून दे, अशी ओडेसाची मागणी होती. ब्रूस्टर यांच्या कार्यालयाचे प्रमुख ऑर्मंड यांना त्याचा वास लागलाच. समितीची माणसं साक्षीदार होत नसतात, झाली तर समितीत राहत नाहीत, हे त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. शिवाय घास चावताना कानाला कमी ऐकू येतं म्हणतात, असंही सुचवलं. लाज वाटण्याजोगी गोष्ट म्हणजे, तिने काही वेळ ही शक्यता शास्त्रीयदृष्ट्या तपासूनही पाहिली. त्यासाठी एक सँडविच आणखी खाल्लं. नीट ऐकू येत होतं.

ओडेसाची बस पाचची होती. चारला दोघी कोपऱ्यावरच्या नोटरीकडे बसल्या. विनिफ्रेडचा मसुदा दीड पानाचा झाला. ओडेसाने तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि भाजी निवडावी तशी ओळी काढून टाकत गेली. उरलं ते असं: 'ग्रँथम म्हणाले, मार्चमध्येच कळलं होतं. मी ऐकलं.'

विनिफ्रेडने सही केली. उद्यापासून आपल्याला नोकरी नाही, हे तिला स्पष्ट कळत होतं, कुठल्याही व्याख्येशिवाय. तरी ऐकताना शेजारी कॉफीयंत्र घरघरत होतं, याचा उल्लेख हवा, म्हणून तिचा हात पुन्हा कागदाकडे गेला.

तोवर ओडेसाने तो घडी घालून पर्समध्ये टाकला होता.