ओरथायच्या ओळी

थनोंगचं वागणंच असं. लग्नाला गेला तर नवऱ्या मुलाला चिकटून उभा, मयताला गेला तर शवपेटीला चिकटून. फोटोवाला आला की हा तिथे हजर. गावच्या परिषदेवर निवडून आल्यापासून तर मान इतकी ताठ, की सदऱ्याला इस्त्री करताना हा आतच राहिला असावा. लमायनंच त्याला जन्म दिलेला, गाऱ्हाणं नेणार कुणाकडे? पण सख्ख्या बहिणीच्या पुस्तकातही तो घुसेल, असं तिला वाटलं नव्हतं.

अग्नीच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आठवणींचं पुस्तक पाहुण्यांच्या हातात द्यायची तिथली रीत. आपलं पुस्तक ओरथायनं, लमायच्या थोरल्या लेकीनं, शेवटच्या आजारात अंथरुणावरून स्वतःच लिहून ठेवलं होतं. ती शाळेत मास्तरीण. शाळा सुटली की देवळाच्या मंडपात बाजारातल्या म्हाताऱ्यांना घेऊन बसायची. कुणी ताडगुळाच्या ढेपा विकणारी, कुणी लमायसारखी अंड्यानारळाचा गोड मो-केंग भाजणारी. जन्म गेला, पाटी हातात धरलेली नाही, अशा सगळ्या. ओरथायनं त्यांना वाचायला शिकवलं. ओळीखाली बोट ठेवायचं आणि एकेक अक्षर पुढे ओढत न्यायचं. त्या वर्गात लमाय वयानं सगळ्यांत मोठी आणि डोक्यानं सगळ्यांत मठ्ठ. हे तीच सांगायची, दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

"आई, हे तुम्हा बायकांसाठी लिहिलंय," ओरथाय म्हणाली होती. "मी असेपर्यंत वाचायचं नाही. तुम्ही रडत बसाल आणि डोळे मला पुसावे लागतील."

हाताचं लिहिलेलं लमायला लागत नसे, छापील तेवढं लागे. म्हणून ती छापून यायची वाट बघत राहिली.

मंगळवारी ती सवेंगच्या छापखान्यात गेली. सवेंगनं संगणकाच्या पडद्यावर ओरथायच्या मजकुराचं शेवटचं पान काढून दाखवलं. लमाय वाकून बघत राहिली.

"हे काय रे? पानावर मुंग्या सोडल्यास का?"

"मावशी, ओळींमधलं अंतर कमी केलंय." सवेंगनं कोपऱ्यातल्या चौकटीत बोट दाखवलं. "इथे हा आकडा असतो. तो उतरवला की ओळी जवळ येतात. मजकूर जास्त आणि पानं सोळाच."

जवळ कसल्या, एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. वरच्या ओळीच्या खालच्या खुणा खालच्या ओळीच्या वरच्या खुणांत घुसलेल्या. लमायनं बोट टेकवलं, तर बोटाखाली दोन ओळी झाकल्या गेल्या.

"वाढव तो आकडा."

सवेंगनं वाढवला. ओळी एकमेकींपासून सुटल्या. लमायचं बोट पडद्यावरून सरकू लागलं, ओठ हलू लागले. "माझ्या... आईच्या... हाताला... जळक्या... गुळाचा... वास यायचा. शाळेत... मला..."

तिथे पान संपलं.

"पुढचं?"

"पुढचं बाहेर गेलं, मावशी. आकडा वाढवला की तिची शेवटची तीन पानं मावत नाहीत. तुम्हाला वाचून दाखवू का?"

"तिनं मला वाचायला शिकवलं होतं. ऐकायला मला आधीच येत होतं."

"मग तुमच्यापुरती वेगळी प्रत काढून देतो, मोकळ्या ओळींची."

"मला एकटीला? आणि बाकीच्यांनी काय करायचं, माझ्या तोंडाकडे बघायचं? आम्ही सगळ्या मिळून वाचणार आहोत. पुढची पानं दाखव."

पुढे जिल्ह्याच्या बड्या साहेबांची श्रद्धांजली होती. मग परिषदेच्या अध्यक्षांची, मग थनोंगची. या तिघांच्या ओळी मात्र ऐसपैस, पाय पसरून बसलेल्या. त्यानंतर एक फोटो. नवा रस्ता, लाल फीत, हातात कात्री घेतलेला थनोंग.

तेवढ्यात थनोंगच आत आला.

"हा रस्ता कुणाचा मेला?" लमायनं विचारलं.

"आई, त्यात ताई आहे ना."

"कुठे?"

"ती काय, छत्रीच्या मागे."

"छत्री छान आलीय. काढून टाक. साहेबाची पानंही काढ."

"साहेब मानाचा अग्नी देणार आहेत, आई! त्यांचे चार शब्द नकोत?"

"चार असते तर ठेवले असते. दोन पानं भरलीयत, आणि पोरीचं नाव एकदाच."

"अजून पानं जोडली तर?" सवेंग पुटपुटला. "पण मग गुरुवारपर्यंत बांधून होत नाही."

"अग्नी एक दिवस पुढे न्या," लमाय म्हणाली.

"पुढे शुक्रवार," थनोंग म्हणाला. "शुक्रवारी कोण जाळतं, अपशकुन तो? आणि शनिवारी साहेब बँकॉकला असतात."

"मग एकच उरलं. काढ ती पानं."

सवेंगनं थनोंगकडे पाहिलं. परिषदेची सगळी छपाई याच छापखान्यात यायची. थनोंग गोड हसला. "बरं आई. तू म्हणशील तसं."

लमाय घरी आली. जन्मात कधी एका दमात ऐकलं नाही त्यानं, मग आजच कसं ऐकलं, एवढं तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण ती बाजारभर सांगत सुटली, चष्मे पुसून ठेवा गं, गुरुवारी ओरथाय बोलणार आहे.

गुरुवारी देवळाच्या आवारातल्या दाहगृहाच्या पायऱ्यांशी काळे कपडे घातलेल्या माणसांची रांग लागली. एकेकानं पेटीपाशी चंदनाच्या सालीचं फूल ठेवलं आणि खाली उतरताना पुस्तक घेतलं. बाजारातल्या बायका मंडपात नेहमीच्या जागी बसल्या, वर्गात बसायच्या तशाच. लमायनं पुस्तक उघडलं. मुंग्या तशाच होत्या.

तिनं बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "माझ्या" सापडलं. "आईच्या" सापडलं. मग बोट कुठल्या ओळीवर उतरलं, कळलं नाही. नखानं धरून बघितलं, पान उन्हात धरून बघितलं. शेजारची फाइलिन म्हणाली, "लमाय, माझा चष्मा गेला वाटतं."

"चष्मा नाही गेला."

बायकांनी पानं उलटली. फोटो बघितले. मग फाइलिनचं बोट एका मोकळ्या ओळीला लागलं आणि ती हरखली. "अगं, हे येतंय! हे येतंय मला!" बाकीच्या सरकून आल्या. सगळ्यांची बोटं एका चालीनं पुढे गेली, ओरथायनं शिकवल्याप्रमाणे, आणि सगळ्या मोठ्यानं वाचू लागल्या. "आमचे... कर्तव्यदक्ष... सदस्य... थनोंग... यांच्या... भगिनी..."

वर धुराड्यातून धूर निघाला. लमायनं त्यांना थांबवलं नाही. एवढ्या कष्टानं शिकलेलं, त्यांनी ते कुठे वापरायचं होतं? हळूहळू कुणी पुस्तकानं वारा घेऊ लागली, कुणी ते पिशवीत टाकलं. फाइलिन म्हणाली, कागद चांगला आहे.

साहेबांना गाडीपर्यंत पोचवून थनोंग आला. चारचौघांत वाकून त्यानं हात जोडले. "कसं झालंय, आई? साहेबांनी मुद्दाम एक जास्तीची प्रत मागून नेली."

लमाय गुडघ्यावर हात टेकत उठली. पुस्तक तिनं त्याच्या जोडलेल्या हातांत खोचलं.

"पोर शेवटचं बोलत होती, थनोंग, आणि तू मध्ये बोललास. माझ्या वेळी पुस्तक काढू नकोस. तुझ्या हाती सोपवून जावं असं माझ्याकडे एक अक्षर नाही."