मागे जायचं म्हणजे कुठे

चष्मेवाल्या बाई आठवडाभर दुकानात भिंगं घासत आणि रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत पाच मुलांना शिकवत. वचनं पाठ करून घेणं, चित्रं रंगवून घेणं, शेवटी प्रार्थना, असा बारा वर्षांचा शिरस्ता. मुलं घडाघडा म्हणून दाखवायची, आईबाप खूश, बाईही खूश.

त्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव सगळ्यांनी शंकासुर पाडलं होतं आणि तिलाही ते आवडायचं. येशूने कोळ्यांना आपल्यामागे बोलावलं आणि ते जाळी टाकून निघाले, हा पाठ चालू असताना तिने हात वर केला.

"बाई, मागे म्हणजे कुठे?"

"म्हणजे त्यांचे शिष्य झाले."

"ते कळलं. पण गेले कुठे? दिवसभर काय करायचे? त्यांना पण पाठांतर असायचं?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगते."

वेळ मारून नेली खरी, पण प्रश्न काही पाठ सोडेना. त्या आठवड्यात गिऱ्हाईक नसलं की बाई काउंटरखाली ठेवलेलं शुभवर्तमान काढून बसायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी, पाठापुरतं वाचलेलं. आता फक्त शिष्य काय करतात तेवढंच बघत गेल्या, आणि चकित होत गेल्या. ही माणसं चालतात, लोकांच्या घरी जेवतात, आपल्यात मोठं कोण यावरून भांडतात, बोलणी खातात, चुकतात आणि पुन्हा सोबत चालू लागतात. गुरू त्यांना बसवून शिकवतो त्याहून जास्त बरोबर नेतो. बाईंना आपले सासरे आठवले. भिंग घासायचं काम त्यांनी बाईंना असंच शिकवलं होतं. पहिले सहा महिने नुसतं शेजारी उभं केलं होतं.

रविवारी बाई वर्गात आल्या त्या पिशवी खांद्याला अडकवूनच. आईबापांना आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं.

"चला, आज एका घरी जायचंय."

चर्चमध्ये पूर्वी ऑर्गन वाजवणारे आजोबा तीन गल्ल्या सोडून राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी येणं बंद केलं. गुडघे गेले, असं सगळे म्हणत. त्यांच्या सुनेने नव्या चष्म्याची ऑर्डर दिली होती आणि घरी येऊन बसवून द्याल का, असं विचारलं होतं. बाईंना वाटलं, बरंच झालं, मुलांना सेवा म्हणजे काय ते दिसेल.

सुनेने दार उघडलं. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. बाईंना पाहून त्यांनी नुसती मान हलवली. मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. शंकासुर मात्र सरळ खुर्चीपाशी गेली.

"आजोबा, तुम्ही चर्चला का येत नाही? गुडघे दुखतात?"

"गुडघे दुखतात. पण म्हणून नाही."

"मग?"

आजोबा बाईंकडे बघत म्हणाले, "ते तुझ्या बाईंना विचार."

बाई चष्मा पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. आधी त्यांना काहीच उमगेना, मग हळूहळू आठवलं. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. आजोबा मधेच अडखळले, दुसऱ्याच ओळीवर गेले, मुलांचा गोंधळ उडाला. तेव्हा बाई माईकवर म्हणाल्या होत्या, "आजोबांना आता पेन्शनीत काढायला हवं." सगळं चर्च हसलं होतं. बाईंच्या लेखी ती गंमत होती आणि घरी पोचेपर्यंत त्या विसरूनही गेल्या होत्या.

"मला सूर दिसत नव्हते," आजोबा म्हणाले. "कागदावर सगळी मुंग्यांची रांग. तुम्ही चष्म्याचं दुकान चालवता. मला वाटलं, निदान तुम्ही तरी विचाराल."

पाचही मुलं बाईंकडे बघत होती. मुलांना बाहेर पाठवावं आणि मग बोलावं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण यांना बरोबर आणलंय ते अर्ध्यावरून परत पाठवायला नाही, हेही आलं. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"चुकलं माझं. चारचौघांत तुमचा अपमान केला आणि नंतर विचारपूससुद्धा केली नाही. मला क्षमा करा."

आजोबा म्हणाले, "क्षमेचं बघू. आधी तो चष्मा लावा."

बाईंनी चष्मा चढवला. डावी काडी कानामागे टोचत होती. ती त्यांनी वाकवून पुन्हा नीट बसवली, ते मुलांनी पाहिलं.

परत येताना शंकासुर बाईंच्या बरोबरीने चालत होती. "बाई, त्यांनी माफ केलं?"

"माहीत नाही."

"मग आता काय करायचं?"

"पुढच्या रविवारी परत जायचं."

"आणि तरी नाही केलं तर?"

"तर त्याच्या पुढच्या रविवारी."

हे उत्तर तिला पुरलं असावं, कारण ती पळत पुढे बाकीच्या मुलांत गेली.

गुरुवारी शंकासुरची आई दुकानात आली. चष्म्याचं काहीच काम नव्हतं. "बाई, वर्गात काय शिकवलंत हो? काल ही आपणहून धाकट्या भावाकडे गेली आणि चुकलं म्हणाली. मागे कपाटाची काच हिने फोडली होती आणि मार त्याने खाल्ला होता. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं."

"शिकवलं असं काही नाही," बाई म्हणाल्या. "मी चुकले होते, तेवढं त्यांनी पाहिलं."

पुढचे तीन रविवार मुलं आजोबांकडे गेली. आजोबा बाईंशी कामापुरतं बोलत, मुलांना मात्र सुरांचे कागद उलगडून दाखवत. चौथ्या रविवारी निघताना त्यांनी बाईंना थांबवलं.

"दिसत नाही हे मीही लपवलंच होतं. भीती वाटायची, काढून टाकतील म्हणून. तुमच्यावरचा राग आता गेला, बाई. मागेच गेला होता, सांगायला जीभ रेटत नव्हती."

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. दारात मुलं पायात चपला सरकवत उभी होती. एवढ्यात शंकासुर एकाच पायात चप्पल घालून लंगडी घालत आत आली.

"आजोबा, राग जातो तेव्हा कळतं का, की आत्ता गेला?"

आजोबांनी चष्मा काढला, विचार केला आणि पुन्हा लावला. "खरं सांगू, मला नाही कळलं. बस इथे, आठवून बघतो."

ती बसली. पाठोपाठ बाकीची चौघंही चपला काढून आत आली.