थोरली, धाकटी आणि मी

मी शिडी आहे. उभी होते तोवर माझी विचारपूस करायला कोणाला सवड नव्हती. जो तो माझ्यावर पाय देऊन वर जायचा. आता शेडच्या मागे आडवी पडलेय, अंगावर रंगाचे रिकामे डबे आहेत, पण तोंड मोकळं आहे. तेव्हा ऐका. गोड बोलेन अशी मात्र आशा ठेवू नका.

माझा जन्म ह्याच आवारातला. इथे शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभ्या करतात, खरवडतात, रंगवतात आणि विकतात. बोटी बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराने उरलेल्या सागवानातून मला घडवलं. माणूस महातिरसट. एकेक पायरी खाचेत ठोकून बसवली, मग स्वतः वर चढून थयाथया नाचला आणि म्हणाला, "मेली तरी हलायची नाही ही." त्याचा शब्द मी पाळला. त्याचा तिरसटपणाही माझ्याकडेच राहिला, त्याला मी काय करू?

टेकूवरची बोट माणसाच्या डोक्याच्या वर जाते. म्हणजे ज्याला बोट बघायची त्याला आधी माझ्याकडे यावं लागायचं. चेहऱ्यावरून माणूस ओळखतात म्हणे. चेहरा काय, घासूनपुसून आणलेला असतो. मी तळपायावरून ओळखते. खाऱ्या पाण्याचा थेंब न लागलेले पांढरेशुभ्र बूट घालून लोक टणाटण चढायचे आणि वर जाऊन विचारायचे, "ही जगाच्या पाठीवर कुठेही जाईल ना?" उतरताना मात्र तेच वीर पालीसारखे मला चिकटायचे. जगाच्या पाठीवर म्हणे! आधी माझ्या पाठीवरून नीट उतरून दाखवा.

त्या हंगामात दोन बोटी शेजारी शेजारी विकायला उभ्या होत्या. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे.

थोरली जुनी, जाड अंगाची, उंच कठड्याची. आत सगळं लाकूडकाम. जुनं ते सोनं म्हणत लोक तिच्या अंगावर थापट्या मारायचे. डेकमधून गळणारं पाणी आणि इंजिनाचा खोकला कोणाला दिसायचा नाही. धाकटीचं वय तिच्या निम्म्याहून कमी. पसरट, हलकी, आत ऐसपैस सोफा, आणि मागची बाजू उघडी, तिथून थेट पाण्यात उतरायला रुंद पायऱ्या. अंगाने इतकी पातळ की टेकू आवळला की कुरकुरायची. नव्याची नवलाई, दुसरं काय! मला विचाराल तर दोघी सारख्याच मिजासखोर. माझ्याशिवाय एकीकडेही कोणाला जाता येत नव्हतं, पण कधी ओळख दाखवतील तर शपथ.

बोटी विकून देणाऱ्या दलालाचे दोन्ही डगरींवर हात. थोरलीपाशी म्हणायचा, "असं काम आता होत नाही, साहेब." चार पावलं चालून धाकटीपाशी आला की, "जुनी बोट म्हणजे हत्ती पोसणं, साहेब." जीभ तीच, लाज तेवढी कुठेतरी पडून गेलेली.

अशात तो दातांचा डॉक्टर आला. नुकताच दवाखाना बंद केलेला, बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने भटकायची हौस. सोबत बायको. ती आयुष्यभर दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बसून येणाऱ्याला "काही दुखणार नाही हं" असं हसून सांगत आलेली. आतून किंकाळी आली तरी हसू तसंच. हे डॉक्टरनेच दलालाला कौतुकाने सांगितलं.

आधी बाई चढल्या. पाय हलका, पक्का, खाली बघावंही न लागणारा. थोरलीवर त्या बराच वेळ होत्या. आतल्या बाकावर बसून काहीतरी गुणगुणत होत्या, ते कठड्याला टेकलेल्या मला ऐकू येत होतं. उतरताना पाय रेंगाळले. धाकटीवर गेल्या आणि लगेच खाली आल्या.

"दवाखान्यासारखी वाटते हो," त्या म्हणाल्या. "पांढरी पांढरी. मला ती जुनीच आवडली."

"मग! बघ, माझी निवड!" डॉक्टर खूश. त्याचा डोळा आल्यापासून थोरलीवरच होता.

मग तो चढला, आणि मला पहिल्या पायरीलाच कळलं. डावा पाय ठीक. उजवा मात्र पायरी सापडली तरी पुन्हा चाचपायचा, अंधारात चप्पल शोधतात तसा. तळव्याला काही लागतच नव्हतं त्याच्या. हे लपवायला तो मधेच थांबायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "वा! काय कठडा आहे!" कठडा कसला बघतोस शहाण्या, पाय बघ. भर समुद्रात त्याच उंच कठड्यावर लहान होडीतून चढायचं असतं, तेही दोराच्या शिडीवरून, आणि खाली सगळं हेलकावत असतं. कोरड्या जमिनीवर रोवलेली मी ज्या पायाला सापडत नाही, त्याला तिथे काय सापडणार? सरळ तळ. पण सांगतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा झाकलेला पाय.

आणि बाई? त्या खाली मला दोन्ही हातांनी धरून उभ्या. मला भयंकर राग आला. मी काय पळून जाणार होते? उगाच काळजीचा देखावा, असं मी तेव्हा म्हटलं.

तीनचारदा आले. दर वेळी तो चढायचा, त्या मला धरायच्या. थोरली जवळजवळ ठरली. तिचं नवीन नाव काय ठेवायचं ह्यावर वादही झाला. शेवटच्या खेपेला दलाल आवाराच्या फाटकापाशी फोनवर बोलत होता आणि डॉक्टर थोरलीवरून उतरत होता. उजवा पाय पायरीवर आला, पुन्हा उचलला गेला, आणि ह्या वेळी पायरीऐवजी नुसत्या हवेत पडला.

सगळं वजन खाली आलं. बाईंनी खांदा पुढे केला. टाच खांद्यावर आदळली, त्यांच्या तोंडून "आई गं" इतकंच निघालं. तो माझ्या खांबाला मिठी मारून लोंबकळत होता. चेहरा पांढराफटक. त्याने खाली पाहिलं, त्यांनी वर पाहिलं, आणि दलाल धावत येताना दिसल्याबरोबर बाई ओरडल्या.

"अहो, शिडी हलली! कसली ही शिडी!"

मी हलले? मी? नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. पण दुसऱ्याच्या नाचासाठी अंगणाला शिव्या देणारी बाई पहिल्यांदा पाहिली. माझं बोलणं माणसांना ऐकू गेलं असतं तर तिथेच सगळं आवार गोळा केलं असतं. आणि तो डॉक्टर! बुडत्याला काडी मिळावी तसा त्याचा चेहरा फुलला.

"हो ना," तो म्हणाला. "खिळखिळी झालीय पार. मी म्हणून सावरलो."

"ते काही नाही," खांदा चोळत बाई म्हणाल्या. "मला भीती बसली. त्या उंच बोटीवर मी चढणार नाही. मला ती दुसरीच हवी, मागून पायऱ्या असलेली."

"अगं, पण तुला तर ती दवाखान्यासारखी..."

"असू दे. दवाखान्यात जन्म गेला माझा."

डॉक्टरने मोठा सुस्कारा सोडला. इतका मोठा, की मला त्यात सुटकाच जास्त ऐकू आली. मग दलालाकडे वळून म्हणाला, "काय करणार? हिच्यापुढे माझं चालत नाही. घाबरट आहे हो."

घाबरट! जिचा पाय माझ्यावर एकदाही थरथरला नव्हता ती घाबरट. आणि बाई नेहमीसारख्या हसल्या, पुढच्या खोलीतल्यासारख्या. मी त्यांना ढोंगी म्हटलं होतं. ढोंगी होत्याच, फक्त देखावा कशाचा ते मला उशिरा समजलं. त्याचा पाय त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. आवडती बोट त्यांनी सोडली, वर घाबरट ही पदवी घेतली, आणि सगळ्याचं खापर माझ्या माथी फोडून मोकळ्या झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दलालाने त्याच दिवशी मला इथे आणून टाकलं. "गिऱ्हाईक पडलं असतं," म्हणाला. आता तिथे ॲल्युमिनियमची शिडी आहे. चकाकते फार, वारा सुटला की आडवी होते.

धाकटी पाण्यात सोडली तेव्हा शेडच्या कोपऱ्यावरून मला धक्का दिसत होता. डॉक्टर मागच्या रुंद पायऱ्यांवरून, दोन्हीकडच्या दांड्या धरून, राजासारखा वर गेला. "हिच्या हट्टापायी घेतली," धक्क्यावरच्या प्रत्येकाला सांगत होता, "माझा जीव त्या जुनीत होता." बाई त्याच्या मागेच उभ्या होत्या, एक हात त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर धरून. एकदा मान वळवून थोरलीकडे पाहिलं. मग त्याही चढल्या.

तुम्हीही उद्या बोट घ्यायला याल. जुनी की नवी, ह्यावर रात्रंदिवस काथ्याकूट कराल. करा बापड्यांनो. निदान खाली शिडी धरून कोण उभं आहे आणि का, तेवढं बघा.

राहिलं माझं. मला सरपणात घालतील तर घालोत, पण खाचेत बसवलेली माझी एक पायरी आधी हलवून दाखवा. मी हलले नव्हते. त्या दिवशीही नाही, कधीच नाही. हे कोणालाही सांगा.

त्या डॉक्टरला मात्र सांगू नका.