हातभर दोरीचा हिशेब

"मामा, मागच्या वर्षी तू मला दिलेली लीडरची दोरी खरी होती का रे?"

भरल्या दुकानात, गिऱ्हाईकं उभी असताना, एका दमात भिंगरीने विचारून टाकलं. विचारलं नसतं तर लंबू आणि गोगलगाय या तिच्या दोन मैत्रिणींनी तिला शाळा सुटेपर्यंत भित्री म्हणून हाक मारली असती. तशी पैजच लागली होती. दोघी दाराशी गळांच्या फडताळाआड तोंड दाबून उभ्या होत्या.

मामाचं दुकान मासेमारीच्या सामानाचं. मामा स्वतः तळ्यावरच्या स्पर्धेचा दरवर्षीचा विजेता, आणि चषक गल्ल्यामागे असे मांडलेले की सुटे पैसे घेताना बघावेच लागावेत.

"दोरी खरीच होती गं," मामा गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "तुझे हात खोटे होते! डबीवर फ्लोरोकार्बन लिहिलंय, ते वाचता येतं ना? का शाळेत तेही शिकवत नाहीत? मी तर बुवा लेबल बघून डोळे मिटून गाठ मारतो."

दुकान खदखदून हसलं. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मागच्या वर्षीचं ते दुखणं अजून ओलं होतं. तळ्याच्या खडकाळ काठावर तिने जिग टाकला होता. जिग म्हणजे शिशाच्या डोक्याचा, रबरी झालर लावलेला जड गळ. तो थेट तळाला जातो, दगडांतून उड्या मारतो, आणि दगडांत दबा धरून बसलेला बास मासा त्याच्यावर झडप घालतो. म्हणून मुख्य दोरीच्या टोकाला, गळाच्या अगदी जवळ, हातभर वेगळी दोरी जोडायची. तीच लीडर. ती दगडाला घासून टिकली पाहिजे आणि पाण्यात माशाला दिसता कामा नये. भिंगरीच्या गळाला त्या दिवशी असा काही बास लागला होता की काठावरची माणसं जेवणाचे डबे सोडून धावत आली. आणि मग खट्! लीडर तुटली. मासा गेला. "पोरीला गाठ मारता येत नाही," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. घरी बाबा म्हणाले, "जाऊ दे, अभ्यास कर." वर्षभर ती पलंगाच्या कठड्याला गाठी मारत बसली. थुंकी लावून ओली केलेली गाठ, सावकाश आवळलेली गाठ. एकही सुटेना. मग तळ्यावर काय झालं होतं?

"मला तर ती दोरी फारच मऊ लागली होती," दुकानातून घरी येता येता लंबू म्हणाली. "माझ्या दादाची फ्लोरोकार्बन कशी तारेसारखी ताठ असते, आणि नायलॉनपेक्षा जड, पाण्यात टाकली की लगेच बुडते."

झालं! तिघी स्वयंपाकघरात घुसल्या. भिंगरीने मागच्या वर्षीची डबी शोधून काढली. लंबूने दादाच्या खोक्यातून तुकडा ढापून आणला. काचेच्या पेल्यात पाणी भरून दोन्ही तुकडे बोटाने बुडवले. दादाचा तुकडा सरळ तळाशी जाऊन बसला. मामाचा मधेच लोळत, कंटाळलेल्या माणसासारखा रमतगमत खाली आला.

"साधी नायलॉन!" गोगलगाय ओरडली. एरवी ती कधी ओरडत नाही.

"जुन्या डबीत स्वस्ताची दोरी गुंडाळून दिली," भिंगरी दात ओठ खात म्हणाली. "पोरीला काय कळतंय, म्हणून. आणि वर माझ्या हातांना नावं ठेवली."

"आता आईला सांगशील?"

"छे! आई म्हणेल, असू दे, मामा आहे तुझा." भिंगरीने डबीचं झाकण लावलं. "ही डबी मी जपून ठेवणार आहे."

नवी लीडर तिने दुसऱ्या पेठेतून आणली, तीही अशीतशी नाही. दुकानातून नमुन्याचे तुकडे मागून घेतले, न्हाणीघरात बादलीत दगड भरले आणि एकेक तुकडा दगडांवरून मागे-पुढे ओढला. बारीक दोरी लगेच खरखरीत झाली. सगळ्यांत जाड होती ती घासून टिकली, पण तिच्यावर जिग नाचेचना, काठीला बांधल्यासारखा आखडून बसला. मधली निघाली गुणाची: घासली तरी नखाला गुळगुळीत, गाठीत बसणारी आणि पाण्यात धरली की नाहीशी होणारी. "ही माझी," भिंगरी म्हणाली. बाहेरून आई विचारत होती, आंघोळ चाललीय की बांधकाम?

स्पर्धेच्या सकाळी काठावर ज्याची त्याची जागा आखलेली होती. भिंगरी मुलांच्या गटात शेवटची, तिच्या पलीकडे मोठ्यांच्या गटात पहिला मामा. तळ्याचा नियम सोपा होता. शिट्टी झाली की आखलेल्या जागेतून हलायचं नाही. काही संपलं तर शेजाऱ्याकडून मागायचं, नाहीतर हात चोळत बसायचं.

भिंगरीने पहिला बास काढला तेव्हा लीडर दगडाला करकरली, पण टिकली. मासा टोपलीत गेला. मामाने मान वाकडी करून पाहिलं. "नशीब!" म्हणाला.

थोड्याच वेळात मामाची लीडर खडकात अडकून तुटली. तो खिसे चाचपू लागला. जादा डबी गाडीत राहिली होती. इतकी वर्षं कधी लागलीच नव्हती ना!

"ए भिंगरे, हातभर लीडर दे बघू मामाला."

खोक्यात दोन डब्या होत्या. क्षणभर भिंगरीचा हात खऱ्या डबीवर गेलाही. मग तिला दुकानातलं हसणं आठवलं आणि तो हात शेजारी सरकला.

"ही चालेल का बघ, मामा. लेबल वाचून घे."

मामाने लेबल वाचलं आणि पसंतीची मान हलवली. "शिकलीस की. आता चांगला माल वापरतेस." दोरी घेतली, गाठ मारली, जिग फेकला. आणि मासा लागला! काठी अशी वाकली की काठावरचे सगळे उठून उभे राहिले. मामा पाय रोवून, गाल फुगवून ओढत होता.

खट्!

रिकामी दोरी वाऱ्यावर हलत राहिली. मामाने टोक बोटांत धरलं, चोळलं, आणि त्याचा चेहरा तांबडालाल झाला.

"ही फ्लोरोकार्बन नाही! ही नुसती नायलॉन आहे! कुठल्या चोराने दिली तुला?"

"तू दिलीस, मामा," भिंगरी गोड आवाजात म्हणाली. "मागच्या वर्षी. डबी ओळखलीच नाहीस?"

काठावर कोणीतरी फुस्सकन हसलं आणि हसू काठभर धावत गेलं. मोठ्यांच्या गटाचा चषक त्या वर्षी एका टकल्या शिंप्याने नेला.

संध्याकाळी घरात मामाचा फोन येऊन गेला होता. आई कमरेवर हात ठेवून उभी होती, बाबा वर्तमानपत्राआड.

"माझा एकुलता एक भाऊ आहे तो! चार लोकांत त्याचं नाक कापलंस. उद्या जाऊन माफी माग."

"आणि माझं कापलं तेव्हा?"

"तो मोठा आहे."

"म्हणून तर जास्त कळायला हवं होतं!"

वर्तमानपत्र हललं. बाबा हसत होते की काय, कळेना.

भिंगरी खुर्चीवरून उठली. दुपारभर तिला गंमत वाटली होती, पण आता मनात काहीतरी सलत होतं. मामा हरला होता, पण तिने त्याला हरवलं नव्हतं. त्याच्याच नायलॉनने हरवलं होतं. हा सूड अर्धाच झाला होता.

"आई, बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "माफी मी मागणार नाही. पुढच्या वर्षी मी मोठ्यांच्या गटात उतरणार, मामाच्या शेजारची जागा मागून घेणार. आणि त्याची लीडर संपली ना, तर मी त्याला माझ्यातली देणार, एकदम खरी. म्हणजे हरल्यावर त्याला बोलायला काही उरणार नाही."