एर्मिलोच्या अंगणातला लिंबाचा वास

मित्रांनो, तळाशी जेमतेम दोन बोटं पिवळसर पाणी उरलेली मी एक जुनी अत्तराची बाटली आहे. युकातानमधल्या एका खेड्यात, नेल्मीच्या कपड्यांच्या पेटीत, उशीच्या फाटक्या अभ्र्यात गुंडाळून मला ठेवलेलं आहे. माझ्या छातीवर कपडे शिवणाऱ्या एका बड्या घराण्याचं नाव आहे. मी जन्मात कधी सुईदोरा पाहिला नाही, पण त्या नावाची मला केवढी ऐट होती! आता ती राहिली नाही. माझ्यामुळे एक पाप घडलं आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लिंबाची साल, संत्र्याची साल, थोडी ओली लाकडं असा माझा वास. 'पुरुषांसाठी, उन्हाळ्यासाठी' असं लिहिलेल्या खोक्यात बसवून मला मेरिदा शहरातल्या दुकानात पाठवलं. तिथे वर्षभर काचेच्या कपाटात मिरवल्यावर नेल्मी आली. ही पोलक्यांच्या गळ्यावर रंगीत फुलं भरणारी बाई. तिचा नवरा विल्बर्ट समुद्रकाठच्या हॉटेलात वाढप्यांचा मुकादम झाला, म्हणून तिने हौसेने मला घेतलं.

विल्बर्टने मला जिवापाड जपलं. कामावर जाताना गळ्याला एक फवारा, मनगटांना एक. भर उन्हाळ्यात बाकीचे वाढपी घामाने भिजून कंटाळलेले असायचे आणि हा मात्र ताजातवाना. "काय रे, लिंबाच्या झाडावरच झोपतोस वाटतं!" असं त्याचे सोबती चिडवायचे. ते ऐकून विल्बर्टपेक्षा मीच जास्त फुगायचे.

मात्र आठवडाभर मी हॉटेलातल्या कपाटात असे, घरी कधी जात नसे. घरी विल्बर्टचा सासरा एर्मिलो होता आणि त्याच्या अंगणात गवती छपराखाली दहा पोकळ ओंडके होते. त्यांत नांगी नसलेल्या मधमाश्या राहत. एर्मिलो त्यांना 'बाया' म्हणायचा. सगळ्यांत खालचा ओंडका त्याच्या आईने वसवलेला, बाकीचे नऊ त्याच्यातूनच वाढवलेले. बायांजवळ जाताना अंगाला साबणाचाही वास चालत नसे.

"जावईबापू, तुमचं ते अत्तर तिकडं हॉटेलातच मिरवा हं," म्हातारा म्हणायचा. "माझ्या बाया साध्या आहेत, त्यांना सायबाचा वास सोसत नाही."

माझा वास कसला आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. कळलं असतं तर त्याने मला भिंतीवर आपटलं असतं, कारण त्या मुलखात काळ्या माश्यांची एक लुटारू जात आहे. त्या स्वतः फुलावर जात नाहीत, दुसऱ्यांची घरं लुटतात. आणि त्यांच्या अंगाला लिंबाचा वास येतो. तो वास आला की बाया घाबरून सैरावैरा होतात.

मे महिन्यात गावची जत्रा आली. विल्बर्ट पंधरा दिवसांची रजा काढून आला आणि चौकातल्या नाचासाठी मला पिशवीतून चोरून घेऊन आला. दुपारी अंगाची लाही होत होती. एर्मिलो शेतावर गेला होता. विल्बर्टने आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि माझे एकाला चार फवारे मारले, हातांवर चोळले. मलाही चढलं होतं, मी अगदी घमघमले.

तेवढ्यात चुलीपासून नेल्मीने हाक मारली. "अरे, खालच्या ओंडक्यावर ऊन आलंय! बाबा सांगून गेलेत, जरा झावळी टाक तिथं."

तो तसाच धावला. ओंडका जरा घसरलेला दिसला, म्हणून त्याने दोन्ही हातांनी धरून नीट बसवला, तेही बाया ये-जा करतात त्या भोकापाशीच. झावळी टाकली. कामाच्या घाईत अंगाला काय लावलंय ते तो विसरला. मग दोघं नाचायला गेले.

संध्याकाळी एर्मिलो परतला तेव्हा खालच्या ओंडक्याच्या बाया बाहेर येऊन वेड्यासारख्या भिरभिरत होत्या. त्याने भोकाला नाक लावलं. लिंबू! लुटारू शिरलेला ओंडका तत्काळ बाकीच्यांपासून वेगळा करून दूर न्यावा लागतो, नाहीतर बाकीचेही जातात. म्हाताऱ्याने तो खांद्यावर घेतला, कुंपणापलीकडे नेला, दोन्ही टोकं बंद करणाऱ्या लाकडी चकत्या उपसल्या आणि कंदिलाच्या उजेडात चोर शोधू लागला. मधाच्या कुप्या फुटल्या, पिल्लांची घरटी उघडी पडली. सकाळी सांडलेल्या मधावर घरमाश्या आल्या, त्यांनी आत अंडी घातली, अळ्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी ओंडका मुका झाला.

चोर एकही सापडला नाही.

मेलेल्या बाया तिथे टाकून देत नाहीत. एर्मिलो एकेक उचलून पानात गुंडाळत होता, मातीत पुरत होता. विल्बर्टने शेजारी बसून खड्डे खणले.

"आईच्या बाया मी माझ्या हातानं मारल्या," म्हातारा म्हणाला. "लिंबू नव्हतंच. नाकानं दगा दिला मला."

नेल्मीने विल्बर्टकडे पाहिलं. विल्बर्टने मातीकडे पाहिलं.

"मी सांगू का बाबांना?" तिने स्वयंपाकघरात विचारलं.

"मी सांगतो. उद्या सांगतो."

हा उद्या काही येईना. एर्मिलोचं नाक गावात नावाजलेलं होतं, चार घरांपलीकडे कोणाचे घेवडे करपले ते तो सांगायचा. आता तो दिसेल ती वस्तू नाकाशी नेऊ लागला. जेवणं सुटली. दहाव्या दिवशी त्याने शेजारगावच्या पाउलिनोला बोलावलं. "ज्याचं नाक गेलं त्यानं बाया पाळू नयेत," असं म्हणून उरलेले नऊही ओंडके त्याने पाउलिनोच्या तीनचाकी सायकलीवर दोन खेपांत चढवून दिले. विल्बर्टने दोर बांधायला मदत केली.

अकराव्या दिवशी एर्मिलो दोरीच्या टांगत्या झोळीत बसून आंबट संत्र्याची फोड हुंगत होता.

"नेल्मी, याला वास येतोय ना गं? का मला नुसतं वाटतंय?"

तेव्हा मात्र विल्बर्ट उठला. पिशवीतून मला काढलं, मनगटावर एक फवारा मारला आणि हात पुढे केला.

"बाबा, हा वास घ्या."

म्हाताऱ्याने हुंगलं. "हाच," तो म्हणाला.

विल्बर्टने सगळं सांगितलं. एर्मिलोने संत्र्याची फोड पुन्हा एकदा हुंगली.

"म्हणजे नाक शाबूत आहे माझं."

"बाबा, मी पाउलिनोच्या पाया पडतो, ओंडके परत—"

"दिलेल्या बाया परत मागत नाहीत." मग त्याने मान वर केली. या वेळी त्याने जावईबापू म्हटलं नाही. "झावळी टाकायला गेलास, चुकलास. मीही चुकलो असतो. पण अकरा दिवस मी माझ्या नाकाला शिव्या घालत होतो आणि तू शेजारी बसून ऐकत होतास."

तो उठून रिकाम्या छपराखाली जाऊन बसला. त्याला जेवायला बोलवायचं धाडस कुणाला झालं नाही.

त्यानंतर विल्बर्टने मला हात लावला नाही आणि नेल्मीच्याने मला टाकवलं नाही. मित्रांनो, उन्हाळ्यात अत्तर खुशाल लावा, बरं वाटतं. पण कुणाच्या दारात शिरता आहात ते आधी पाहा. आणि चूक झालीच, तर दिवस मावळायच्या आत सांगून टाका. मी पिशवीत पडून सगळं ऐकत होते, मित्रांनो, आणि मला बोलता येत नव्हतं. विल्बर्टला येत होतं.