पावलावर पाऊल

योलिमा क्वारान सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतली, तेव्हा आईखेरीज कुणी तिला भेटायला आलं नाही. नारिन्यो प्रांतातल्या त्या डोंगरात गणवेश म्हटला की लोक दारं लावून घ्यायचे, मग तो सरकारचा असो की बंडखोरांचा. अकरा वर्षं तिने जमिनीतले सुरुंग काढले होते, बंदूक रोखली नव्हती कुणावर. पण ऐकायला कोण बसलंय? ती दुकानात शिरली की गप्पा थांबायच्या. "शिपाईण आली," एवढंच कानावर पडायचं.

म्हातारा एवेलिओ तर तिला पाहून रस्ता बदलायचा. त्याच्या थोरल्याला, रुबिएलला, सैनिकांनी घरातून नेलं होतं. परत आलं ते प्रेत.

एका सकाळी एवेलिओची गाय सुरुंगांच्या भीतीने ओस पडलेल्या टेकडीवर चढली आणि तिच्यामागे तोही चढला. अर्ध्यावर गेल्यावर पुढ्यातल्या गवतात ताणलेली तार चमकली. तो जागीच थिजला. खालून बाया ओरडू लागल्या, "आबा, पळा! पळा!"

"गप्प बसा सगळ्या!" योलिमा बटाट्याच्या शेतातून धावत आली. "आबा, पाय आहे तिथेच ठेवा. मी येते."

"तू नको. दुसऱ्या कुणाला पाठव."

"दुसरं कोण येतंय? आज मलाच चालवून घ्या."

पावसाने माती भिजलेली होती, त्यामुळे म्हाताऱ्याच्या रबरी बुटांचे ठसे नीट उमटले होते. एकेक ठसा पारखत, त्यातच पाय ठेवत ती चढली. हे काम तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"आता जागच्या जागी वळा. माझ्या खांद्यावर हात ठेवा. मी पाय उचलला, की तुमचा त्याच ठशात."

खांद्यावर जड हात पडला. चार पावलं झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्याच लोकांनी नेला माझा रुबिएल."

"ठाऊक आहे."

"एवढंच बोलायचंय तुला?"

"मी तिथे नव्हते, आबा. पण कपडे तेच घालत होते, ते कसं नाकारू? उजवा पाय, सावकाश."

खाली पोचल्यावर म्हातारा मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडला. गाय दुपारी आपली आपण चरत चरत उतरली.

रविवारी शाळेत भरलेल्या गावसभेत योलिमा उभी राहिली. "टेकडी साफ करून घेऊ. सैन्य नको, नागरी संस्थेचं पथक बोलवू. काम मी पाहीन."

"म्हणजे पुन्हा शिपाईच की!" मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालं.

एवेलिओ काठी टेकत उठला. "सैन्याला मी माफ केलेलं नाही, मरेपर्यंत करणार नाही. पण टेकडीचं हिला कळतं. तुमच्यातल्या कुणाला कळतं?"

मग दुकानदारीणबाईने विचारलं, "सुरुवात कुठून करायची, योलिमा?"

ती परतल्यापासून गावात पहिल्यांदाच कुणी तिला नावाने हाक मारली होती.

"शाळेच्या वाटेपासून," ती म्हणाली आणि खडू उचलून फळ्यावर टेकडी काढू लागली.