मागे राहिलेली यादी

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली अकरा वर्षे बसून आहे. माझ्या की-बोर्डवरची अक्षरे पुसली गेली आहेत, पण मित्रांनो, स्मरणशक्ती शाबूत आहे. तेच तर दुखणे आहे.

नवा होतो तेव्हा दुकानदारकाका रोज सकाळी मला फडक्याने पुसत. विद्यार्थी येत, मेल उघडत, प्रिंट काढत आणि बस चुकेल म्हणून पळत. मेल तसाच उघडा. कुणाचे निकाल, कुणाच्या डॉक्टरांचे कागद माझ्यात पडून आहेत, विचारू नका.

एक हुशार मुलगी यायची. विद्यार्थी आपली खासगी माहिती कशी जपतात, यावर तिचा प्रबंध होता. स्वतःच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, पासवर्ड हातभर लांब. चाळीस मुलींना तिने बोलते केले होते. प्रत्येकीला सांगितले होते, "तुझं नाव कुठेच येणार नाही." प्रबंधात खरोखरच फक्त क्रमांक होते. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी वेगळी होती.

प्रबंध जमा करायच्या शेवटच्या दिवशी तिने मेलमधल्या दोन्ही फाइली एकदमच माझ्यावर उतरवल्या, प्रबंधाची प्रिंट काढली आणि बाइंडिंगच्या घाईत निघून गेली. पुसून टाक ग बाई, असे मी ओरडलो असतो. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी एक मुलगा अर्ज भरायला बसला. समोर यादी दिसली, ती त्याने सहज उघडली. सतराव्या क्रमांकावर त्याच्या धाकट्या बहिणीचे नाव होते. मग त्याने प्रबंध उघडला. सतरा क्रमांक सांगत होती, "दादा माझा फोन रोज तपासतो. म्हणून मी दुसरं खातं काढलंय. घरी माहीत नाही."

त्याने त्या पानाची प्रिंट माझ्याकडूनच काढून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली.

दर सोमवारी नोट्स न्यायला येणारी ती बहीण पुन्हा आली नाही. तिची मैत्रीण काकांना म्हणाली, "तिचं कॉलेज बंद केलं, काका. फोनही काढून घेतला. घरी कुणी सांगितलं, तेच तिला कळत नाहीये."

प्रबंधाला पहिला क्रमांक मिळाला. आज ती हुशार मुलगी प्रशस्तिपत्रकाची प्रिंट काढायला आली होती. "काका, तुमच्यामुळे सगळं वेळेत झालं," म्हणाली. यादी अजून माझ्यात होती, तिच्या नव्या फाइलच्या दोनच ओळी खाली. तिने पाहिलीच नाही.

मित्रांनो, आपल्या कॅमेऱ्यावर खुशाल चिकटपट्टी लावा. पण दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले घेऊन माझ्यापाशी बसाल, तेव्हा उठण्याआधी ते पुसा. मला आपणहून विसरता येत नाही.

ती आत्ताच गेली. तिचा मेल उघडा आहे, आणि रांगेतला पुढचा माणूस खुर्ची ओढतो आहे.